गावावर पाय

"ए बुढे, पाय सांभाळ! गावावर पाय देऊन राह्यली तू!"

सरपंचबाईचा नवरा माह्यावर ओरडला. सरपंच बाई आहे, पण खुर्चीत नवराच बसते. बाई घरी चहा करत होती.

गाव म्हणजे काय, तर रांगोळी. पंचायतीपुढच्या अंगणात काढलेली. हवामान बदलून राह्यलं, आता गावानं काय कराचं, याचा आराखडा ठरवाले साहेब आले होते. लोकाईनंच नकाशा काढावा म्हणे. छान गोष्ट. फक्त सकाळी ते अंगण सारवलं मी अन् माह्या शेजारच्या शांताबाईनं. सारवून झालं तशा आम्ही कडेले सरकलो. सरका म्हणून कोणी सांगतलंबी नाही. सवय. हाडात मुरलेली.

नकाशा देखणा होता, खोटं काऊन बोलू? निळा नाला, हिरवी वावरं, देऊळ, शाळा. सरपंचपतीच्या म्हशीचा गोठासुद्धा. नाल्याच्या खालच्या अंगाले आमची बौद्धवस्ती. तिथं कोरं सारवण. अन् साहेब तर आधीच बोलले होते, नकाशात नाही त्याले आराखड्यात काही नाही.

साहेब वाचू लागले. शेततळं. ठिबक. मिरचीच्या रोपाले शेडनेट, ऊन लागते म्हणून. मागच्या उन्हाळ्यात माही सून मिरची तोडता तोडता भोवळ येऊन पडली, तर अर्ध्या दिवसाची मजुरी कापली होती. मी विचारलं, "मिरचीले सावली, अन् मजुरणीले?"

"आजी, योजना शेतकऱ्यांसाठी आहे. तुमच्या नावावर जमीन आहे का?"

"नाही. पण ऊन काय सातबारा पाहून लागते, साहेब?"

"बुढी भाषण करून राह्यली!" सरपंचपती म्हणे. "थांब, चौदा एप्रिलले माईक देतो तुले."

सगळे हसले. साहेबही. शिकलेलं हसणं, दात न दाखवता. चौदा एप्रिलचा माईक आमचाच असते, हा काय देणार!  मी त्या कोऱ्या जागेकडं पाहत होती. माह्या सुनेचं घर, नातवाचा पाळणा, विहार, हातपंप, सगळं त्या सारवणाखाली. अन् सारवण माह्याच हातचं.

मग फोटो. "बौद्धवस्तीतल्या महिला पुढं या, पुढं!" आता आम्ही पाहिजे होतो. पहिल्या रांगेत. हसऱ्या.

मी चालत गेली. नाला ओलांडला. वाटेत गोठ्यावर पाय पडला, पडू देला. खाली कोऱ्या जागेत जाऊन बसली.

"ऊठ तिथून!"

"काऊन उठू? मी माह्या घरी बसली."

शांताबाई आली, लुगडं सावरून बाजूले बसली. "माहंबी घर इथंच आहे बाप्पा," म्हणे.

साहेब वाकून म्हणाले, "आजी, ते नंतर जोडून घेऊ ना."

नंतर! या एका शब्दावर आमच्या तीन पिढ्या वाळल्या.

फोटो निघाला नाही. आराखडा मात्र तसाच वर गेला. आम्ही गेलो विचाराले, तर म्हणे सर्वानुमते मंजूर झाला.

आता ऐका. यापुढं ठराव कराचा असंल, तर आधी आमच्या वस्तीत येऊन बसाचं. भर दुपारी, टिनाखाली. तोवर आमचा एकही हात वर होणार नाही. अन् त्यावरबी कोणी सर्वानुमते लिहिलं, तर त्याच्या दारात उभी राहून विचारीन, त्या सर्वात मी कुठं होती. दिवसाढवळ्या. साऱ्या गावासमोर.