आकारामची आडवी काठी

आटपाडीच्या आकारामनं जन्मभर काय केलं? तर सगळ्यांच्या पुढं चालला. पलटणीत तो स्काउट होता, तुकडीच्या पुढं एकटा जाऊन धोका टिपणारा. निवृत्त होऊन आला, बापाची मेंढरं हाती घेतली, तर तिथंही पुढंच. पुढच्यानं काठी आडवी धरली की मागचा सगळा कळप थांबणार, हा घरचा कायदा. त्यापुढं मंत्र्याचंही काही चालायचं नाही!

पण काचबिंदूनं डोळे नेले. दिवाळी सरली, मेंढरं पश्चिमेला निघायची वेळ आली, आणि पोरगा पप्पू म्हणाला, यंदा आबांनी घोड्यावर बसायचं. घोड्यावर कोण बसतं? तान्ही लेकरं, कोकरं नि कोंबड्या. आकारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघायच्या आदल्या सांजेला नात सोनिया त्याच्यापाशी बसली. सांगलीला इंग्रजी शिकते ती. सांगू लागली, स्काउट हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, आणि तिथं मूळ अर्थ कान देऊन ऐकणं.

"ऐकणं व्हय?" म्हातारा एवढंच म्हणाला नि डोळे मिटून पडला. मिटले काय नि उघडे काय, सारखंच. काश्मीरचं धुकं आठवलं. स्वतःचा हात दिसत नव्हता, तरी त्यानं सगळ्यांना सुखरूप नेलं होतं. बर्फाखालचं पाणी, लांबचं कुत्रं, सगळं अजून कानात होतं.

रहिमतपूरच्या अलीकडं पहाटे तसंच धुकं पडलं. उसाची शिवारं दुधात बुडाल्यावानी. आकाराम मांडीवर कोकरू घेऊन घोड्यावर डोलत होता, जागा की झोपेत त्यालाच कळेना. सगळ्यांच्या पुढं पप्पू. वाट रेल्वेच्या रुळांवरून जाते हे त्याला ठाऊक होतं, पण रूळ अजून लांब असतील असा त्याचा अंदाज. तेवढ्यात घुंगरांच्या आवाजाखालून आकारामला एक बारीक गुणगुण ऐकू आली.

"पप्प्या, काठी आडवी धर!"

पप्पूनं का म्हणून विचारलं नाही. लहानपणापासूनची सवय ती. काठी आडवी झाली, कळप थांबला, आणि पप्पूच्या नाकासमोरून रेल्वे धडधडत गेली.

रेल्वे गेली तसा पप्पू मागं आला, कोकरू उचलून बायकोकडं दिलं, बापाला खाली उतरवलं नि काठी त्याच्या हातात ठेवली.

"आबा, तुमी फुडं व्हा. मी हात धरतो."