शेवटच्या पानांना लावलेला चिमटा

१८ नोव्हेंबर २००७, रविवार. सकाळपासून वाचनालयातली पुस्तकं गच्चीवर उन्हात घालते आहे. पावसाळ्यात मुरबाडच्या आमच्या ह्या एकखोली वाचनालयात भिंतींना ओल येते, त्यामुळे दिवाळी झाली की पुस्तकांना ऊन दाखवावं लागतं. दरवर्षी हे काम कमल आणि मी मिळून करायचो. म्हणजे मी पुस्तकं पसरायचे आणि ती त्यातलंच एखादं उघडून बसायची. यंदा एकटीनं केलं, लवकर आटोपलं. शेवटी एक जाड कादंबरी हाती आली. तिच्या शेवटच्या पानांना कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा अजून तसाच होता. तो बघून मला रडू आलं नाही, चीड आली.

कमल आमची ग्रंथपाल. सप्टेंबरात तापानं गेली. ताप आधी अंगावर काढला, मग कल्याणला नेली, तोवर उशीर झाला होता. सापगावहून येणाऱ्या जीपवाल्यानं निरोप आणला तेव्हा मी मशीनवर होते. वाचनालयाला लागूनच माझं शिवणकामाचं दुकान आहे. गिऱ्हाईक दारात उभं होतं. हातातला ब्लाउज पुरा केला, बटणं लावली आणि मग कुलूप घातलं. चीड तेव्हाही आली होती. दुसऱ्याच्या मनातलं सतराशे साठ वेळा उकरणाऱ्या बाईला स्वतःचा ताप कळू नये?

पण आजची चीड निराळी. तिच्या धाकट्या भावानं, जयवंतनं, तिच्या आठवणीसाठी वाचनालयाला लोखंडी कपाट दिलं आहे. त्यावर रंगवायचा मजकूरही त्यानंच पाठवला: ‘त्यागमूर्ती कै. कमल, जिने भावाच्या शिक्षणासाठी आजन्म अविवाहित राहून आपल्या सुखाची होळी केली.’ वाचनालयाच्या समितीनं माना डोलावल्या. मजकूर उद्या पेंटरकडे पोचवायचा आहे, आणि ते काम माझ्याकडे. हे वाक्य वाचून कमल काय म्हणाली असती, ते मला माहीत आहे. म्हणून तर हात चालत नाही.

कमल सापगावची. बारावी झाली होती, रोज शहापूर-मुरबाड गाडीनं यायची-जायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती इथं लागली तेव्हा वाचनालयात बाई फिरकत नसे. हिनं शनिवारी दुपारी बायकांना गोळा करून कादंबरी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. भाजी विकून मोकळ्या झालेल्या दोघीतिघी, अंगणवाडीची ताई, डोंगरातल्या वाडीवरून मध घेऊन उतरणारी सखूबाई, आणि भिंतीपलीकडून ओढून आणलेली मी. वाचन शेवटाकडे आलं की उरलेल्या पानांना कमल चिमटा लावायची. ‘आता हा काय करील, सांगा. आणि का करील, तेपण सांगा.’ सगळ्याजणींनी सांगितल्याशिवाय चिमटा निघत नसे. ती म्हणायची, ‘माणूस कळला असंल तर शेवट सांगता यायला पायजे. नाय आला, तर एकतर आपण नीट ऐकलं नाय, नायतर लिवणाऱ्यानं फसवलंय.’ मला याचा वैताग यायचा. माझी कामं पडून असायची. मी म्हणायचे, ‘अगो, पान उलट ना, चार ओळींत कळतंय!’ त्यावर ती हसून म्हणायची, ‘तुला कळंल काय झालं ते. का झालं ते कुठं कळंल?’

म्हसा गावच्या जत्रेतही तेच. तंबूतला संध्याकाळचा खेळ बघायला आम्ही पाचसहाजणी गेलो होतो. पडद्यावरचा नायक भावाच्या खुनाचा सूड घ्यायला रानात राहत होता. कमल मोठ्यानं म्हणाली, ‘ह्याचा शर्ट कोण धुतं गो? रानात राहतो आणि कॉलर पांढरी?’ मागून कोणीतरी ओरडलं, ‘ओ बाय, घरी जाऊन धुवा!’ तंबूभर हशा. शेवटची मारामारी सुरू झाली तशी हिनं आम्हाला उठवलं आणि बाहेर चहाच्या टपरीपाशी उभं केलं. थंडीनं दात वाजत होते आणि ही विचारते आहे, ‘तो सूड घेऊन घरी का जात नाय?’ कोणी म्हणालं पोलीस धरतील, कोणी म्हणालं आईला तोंड कसं दाखवील. सखूबाई शेकोटीला हात धरून म्हणाली, ‘त्याला घरी जायचाच नाय. मारामारी निमित हाय. घरी गेला तर नांगर धरावा लागंल.’ कमल इतकी खूश झाली की तिनं सखूबाईला भजी घेऊन दिली. आत तो नायक जगला की मेला, मला आजतागायत माहीत नाही.

एकदा आम्ही एका विधवेची कादंबरी वाचली. ती दिरांना वाढवते, शिकवते, त्यांची लग्नं लावते, आणि घर भरल्यावर एका पहाटे शांतपणे मरते. अंगणवाडीची ताई डोळे पुसत होती. कमल म्हणाली, ‘रडा, पण आधी हिला राग कुठं येतो ते शोधा. एवढ्या वर्षांत एकदा तरी आला असंल. लिवणाऱ्यानं लपवलाय, कुठं ते सांगा.’ पुन्हा वाचलं. मधल्या एका प्रकरणात धाकटा दीर नवी सायकल घेऊन येतो आणि ती नुसती बघते, मग आत जाऊन निवडलेले तांदूळ परत निवडते. भाजीवालीनं लगेच सांगितलं, ‘हितंच. निवडलेलं परत निवडती म्हंजे डोकं तापलंय.’ कमलनं टाळी दिली. मग जे बोलली ते मला जवळजवळ शब्दशः आठवतं. ‘त्यागाची बाई दिसली की तिच्याकडं नंतर बघायचं. आधी बघायचं, ती लागते कोणाला. देवी केली की तिला सुट्टी द्यावी लागत नाय, की तिचा राग ऐकावा लागत नाय. आणि ज्याच्यासाठी ती झिजली, तो आपोआप गोष्टीतला हिरो होतो.’

आता हिचं स्वतःचं. बघायला आलेल्या मुलासमोर हिच्याबरोबर मीच बसले होते. शहापूरकडचा मास्तर, सज्जन, पगाराचा. तो गेल्यावर मी विचारलं, कसा वाटला. म्हणाली, ‘माणूस वाईट नाय. पण त्याला ऐकणारी पायजे, आणि मला बोलायचं असतं. खरं सांगू मंदे? मला लगीनच नको. गाडीतनं उतरते, जेवते, वाचत पडते. बरं चाललंय माझं.’ एवढी साधी गोष्ट. पण आई आधीच गेलेली, त्याच सुमारास वडीलही वारले, जयवंत आठवीत होता, आणि बाई लग्नाला नाही का म्हणाली याचं कारण गावाला सापडलं. भावासाठी! आत्या बोलली, शेजारी बोलले, शाळेतले गुरुजी वर्गात बोलले. कमल गप्प राहिली.

मी तिला कितीदा टोकलं. एकदा मुरबाडच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना तर भांडलेच. ‘कादंबरीतल्या माणसांची सालं काढतेस आणि तुझ्याबद्दलची ही खोटी गोष्ट तुला दुरुस्त करता येत नाही?’ ती फलाटाकडे बघत म्हणाली, ‘त्याला ती गोष्ट लागते गो. आईबाप नाय त्याला. माझ्यासाठी बाय झिजते म्हणून तो अभ्यासाला बसतो. मोठा झाला की सांगेन.’ जयवंत मोठा झाला, आयटीआय केलं, कारखान्यात लागला, लग्न झालं, पोरगी झाली… हिनं सांगितलं नाही. दर वेळी ‘सांगेन गो, घाई काय’. आता सांगा मला, हे ओझं कोणाच्या डोक्यावर टाकून गेली ही?

शोकसभेत जो उठला तो त्यागावर बोलला. पुस्तकांवर कोणी बोललं नाही, चिमट्याचं बोलणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक नव्हतं. सखूबाई मागे बसली होती, तिला कोणी बोलायला सांगितलं नाही. मी तरी कुठे उठले? रडणाऱ्या जयवंतसमोर काय बोलणार होते? पण कपाटावरचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. तिथं जे लिहिलं जाईल तीच कमल उरेल. तिनं जी बाई आयुष्यभर सोलून दाखवली, तीच तिला करून ठेवणार.

संध्याकाळी पुस्तकं आत घेतली. चिमटा लावलेली कादंबरी तेवढी पिशवीत टाकली.

१९ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी दुकान उघडलंच नाही. पहिल्या गाडीनं सापगावला गेले. जयवंत खळ्यावर भात वाळत घालत होता. थोरल्या बहिणीला तो बाय म्हणायचा, मला मंदाताय म्हणतो. ‘मंदाताय, तू एवढ्या सकाळी? पेंटर नाय म्हणाला काय?’

मी कादंबरी काढून त्याच्या हातात दिली. म्हटलं, ‘तुझी बाय शेवटच्या पानांना असा चिमटा लावायची, आणि माणूस असा का वागला ते आधी सांगायला लावायची. तू सांग. बायनं लग्न का नाही केलं?’

त्यानं चिमट्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं होतं, चिडेल. खाली बघत म्हणाला, ‘तिला नव्हतं करायचं.’

‘तुला ठाऊक होतं?’

‘एका घरात राहत होतो ना आमी. हसत असायची ती, मंदाताय. पुस्तक वाचून एकटीच हसायची. दुःखी बाय अशी हसत नाय…’ मग एकदम आवाज चढला त्याचा. ‘पन मग मी तिचा कोन? तिनं माझ्यासाठी कायच नाय सोडलं, तर मी काय आठवू?’

 आधी बघायचं, ती लागते कोणाला, असं कमल म्हणायची. बघितलं. जयवंतला लागत होती. तरी चीड गेली नाही, फक्त आता ती जयवंतवर नव्हती, न सांगता गेलेल्या कमलवर होती. शेवटी म्हटलं, ‘कपाट तू दिलंस ना? मग तेवढं लिही. आणि ती हसायची ते तुझ्या पोरीला सांग.’

त्यानं भात बायकोवर सोपवलं, शर्ट बदलला आणि माझ्याबरोबर मुरबाडला आला. माझ्याकडचा आधीचा कागद त्यानंच परत घेतला आणि पेंटरला वाचनालयात आणून नवा मजकूर सांगितला. वर ‘कमल, ग्रंथपाल’ आणि पार खाली बारीक अक्षरात ‘भाऊ जयवंतकडून’. पेंटर म्हणाला, ‘मधी एवढी जागा हाय, काय तरी लिवा की. बरं नाय दिसत.’ जयवंतनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, राहू दे. रंग वाळेपर्यंत आम्ही थांबलो, मग मी कपाटाचं दार उघडून ती कादंबरी वरच्या फळीवर ठेवली, चिमट्यासकट. शनिवारी बायकांना बोलावलं आहे. त्या कादंबरीचा शेवट अजून कोणीच सांगितलेला नाही.