धावपट्टीवरच्या मिरच्या
शेजारच्या गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या की मला ठसका लागतो आणि भावोजींचं विमान आठवतं. विमान म्हणजे मोटर ग्लायडर. इंजिनावर वर जायचं, मग ते बंद करून तरंगायचं. टिटवाळ्यापलीकडे त्यांच्या एका मित्राची खासगी धावपट्टी होती. दर रविवारी भावोजी उडायचे आणि मी उन्हात उभा राहून पट्टीवरची गुरं हाकायचो; माझ्यावर एवढंच काम टाकायची घरच्यांची हिंमत होती. त्या दिवशी गावातल्या एक मावशी मिरच्यांची टोपली घेऊन आल्या. "दादा, डांबर मस्त तापलंय, पसरू का? इमानाचा आवाज आला का उचलते." मला नाही म्हणायचाही कंटाळा आलेला. "पसरा," म्हटलं आणि सावलीत टेकलो. भावोजी इंजिन बंद ठेवूनच उतरतात, हे दर रविवारी पाहूनही मला सुचलं नाही. मावशी मिरच्यांवर वाकलेल्या असताना विमान अजिबात आवाज न करता आलं. त्यांना वाचवायला भावोजींनी ते शेतात वळवलं. बांधावर आपटून पंख मोडला आणि त्यांचा पायही. मावशींना मी पगारी राखणदार वाटलेलो. माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्या रडत म्हणाल्या, "साहेब, माजीच चूक. या दादांनी नको म्हटलेलं." भावोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चक्क मान डोलावली. आजही ते लंगडत दार उघडायला येतात, तेव्हा खरं सांगून टाकावंसं वाटतं. पण ते आधीच खुर्ची पुढे सरकवतात, "बस रे, दमलेला दिसतोस." आणि मी बसतो.