फलाटावरचा मायाळू

फाळणीनंतरच्या त्या वर्षांत मी बालीगंजहून रोज कचेरीसाठी सियालदह स्टेशनावर उतरत असे. फलाट निर्वासितांनी भरलेला असायचा. पूर्व बंगालमधून आलेली एक पन्नाशीची बाई तिथे खांबाजवळ चटईएवढ्या जागेत राहत होती. दुधाच्या गंजक्या डब्यात तिने मायाळूचा वेल लावला होता. जागेच्या कडेने ती खडूने आणि विटेच्या भुकटीने कमळं, भाताच्या लोंब्या काढायची. कोणाच्या पायाने पाकळी पुसली, तर न कुरकुरता बोटाने पुन्हा जोडायची.

एकदा कोणी बडे साहेब पाहणीला येणार होते. मी उतरलो तेव्हा फरशी धुऊन काढली होती, वेल डब्यासकट रुळांवर पडला होता आणि बाईच्या जागी भाड्याने आणलेल्या पामच्या कुंड्या मांडल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. तिथल्या बाबूला मी जाब विचारला.

"स्टेशनात जरा हिरवळ दिसायला हवी," तो म्हणाला.

बाई गाठोडं घेऊन भिंतीशी उभी होती. मी म्हटलं, "मासीमा, मी तक्रार लिहितो."

ती कुंड्यांकडे बघत होती. म्हणाली, "यांना सकाळपासून कोणी पाणी घातलेलं नाही, बाबा."

मी त्याच दिवशी तक्रार लिहिली. महिन्याभराने रेल्वेकडून उत्तर आलं. फलाटाच्या सुशोभनात रस घेतल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले होते. तोवर बाईला कुठल्याशा छावणीत पाठवलं होतं. कुठल्या, ते मी तीन खिडक्यांवर विचारलं. एकाही कारकुनाने वहीतून मान वर केली नाही.