दिगूदादाचे पितळी पुढारी

दिगूदादा गेल्याचं कळलं तेव्हा मी शीवच्या घरी भाजी निवडत बसले होते. त्याच्या मुलीचा, मेघाचा, फोन आला. आणि मला आधी सुचलं ते हे, की आता त्याच्या बिल्ल्यांचं काय होणार... असलं मनात यावं याची लाज वाटली, पण दादालाही आधी तेच सुचलं असतं.

दादा माझा मामेभाऊ. लालबागच्या चाळीत आम्ही एकत्र वाढलो. स्वातंत्र्याच्या आसपास एक चहा कंपनी पुड्यात पितळी बिल्ले घालायची. एका बाजूला देशातल्या एखाद्या पुढाऱ्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला किटली. त्यांच्यापायी दादानं घरादाराला नको तेवढा चहा पाजला. पूर्ण संच चाळीत एकट्या त्याच्याकडे होता आणि तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. भलता चिक्कू! शेजारच्या राधाकाकूंचा मनू त्यातल्या एका बिल्ल्यासाठी वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागला होता. भोवरा देतो, मांजाची फिरकी देतो... दादा बधला नाही.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. दोघेही मोर्चाला जायचे. एका संध्याकाळी दादा एकटाच परतला. मनूला गोळी लागली होती. राधाकाकू त्यानंतर खोलीबाहेर पडेनात.

त्यानंतरच्या गणपतीत दादानं दरवर्षीच्या सवयीनं बिल्ले दोऱ्यांना बांधून मखराला झालरीसारखे टांगले. भटजी प्राणप्रतिष्ठा करून गेले आणि मामी सांगत आली, राधाकाकू आरतीला येतायत. दादाचा चेहरा खर्रकन उतरला. ज्या पुढाऱ्याच्या नावानं सगळी चाळ बोटं मोडत होती, ज्याच्याविरुद्ध घोषणा देत मनू गेला, तो गणपतीच्या डोक्यावर चमकत होता. बिल्ले काढायचे, तर मामी हात लावू देईना; प्रतिष्ठा झाल्यावर विसर्जनापर्यंत मखराला धक्का लावायचा नाही. दादानं एकेक बिल्ला किटली पुढे येईल असा हळूच फिरवला. पण दोराच तो, जरा वारा आला की गिरकी घ्यायचा. आम्ही खिडकी लावली. आरती सुरू झाली आणि ओवाळणाऱ्या हातांनी बिल्ले पुन्हा हलायला लागले. देवाकडे न बघता मी त्या दोऱ्यांकडेच बघत होते. काकूंनी बघितलं तर... त्या रडतील, की ताम्हन भिरकावून देतील?

त्यांनी बघितलं. आरती संपल्यावर पुढे येऊन मधला बिल्ला बोटांत धरला.

"ह्योच ना रे, दिगू? माझो मनू तुझ्याकडे मागत होतो, तो?"

दादानं दोरा तोडला आणि बिल्ला त्यांच्या हातावर ठेवला. मखर एका बाजूला कललं. मामीनंच हात लावून ते सरळ केलं. काकू मूठ मिटून आपल्या खोलीत गेल्या.

गेल्या आठवड्यात मी माहीमला मेघाकडे गेले. निवृत्तीनंतर दादा जुन्या बाजारात हिंडायचा हे ठाऊक होतं. तिथून काय आणायचा, ते मी कधी विचारलं नव्हतं. मेघानं त्याचं कपाट आवरायला काढलं होतं. तिनं पत्र्याचा एक डबा पलंगावर रिकामा केला. पूर्ण संच त्यात नव्हता. ओंजळभर बिल्ले होते आणि सगळ्यांवर तोच एक चेहरा.

"एकाच माणसाचे एवढे कशाला, आत्या? बाबा तर त्याला शिव्या घालायचे."

"मनूसाठी," मी म्हटलं.

"कोण मनू?" तिनं विचारलं.