भिंतीतले एकशे ब्याण्णव वॅट

आमच्या गल्लीत तिला सगळे हीटरवाली म्हणतात. लग्नाआधी ती हीटरची कॉइल बनवणाऱ्या कारखान्यात होती. लग्नानंतर घराच्या पुढच्या खोलीत तिने दुरुस्तीचं दुकान मांडलं. इस्त्री, गिझर, शेगडी, काय वाटेल ते आणा. बाई तोंडाने फटकळ, पण हाताला गुण. कुणी म्हणालं, "जरा बघून सांगता का?" की तिचं ठरलेलं उत्तर, "बघून सांगायला मी ज्योतिषी नाही. मोजून सांगते."

तिची सासू गरीब स्वभावाची. पाठीच्या दुखण्याने बेजार. सकाळची कामं उरकली की ती मागच्या खोलीत जायची आणि भिंतीला पाठ टेकून बसायची. त्या भिंतीवर हातभर जागा नेहमी कोमट लागायची. पलीकडे न्हाणीघर होतं, गिझर तिथेच. त्याचीच ऊब येत असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"आई, तुम्हाला ती भिंत माझ्यापेक्षा लाडकी," सून चिडवायची.

"भिंत उलटून बोलत नाही गं."

मग आंघोळीचं पाणी नीट तापेनासं झालं. नवऱ्याने दोन-तीनदा सांगितलं, तेव्हा हिने कामांच्या गर्दीचं कारण पुढे केलं. शेवटी तो म्हणाला, "गल्लीभर गरम पाणी आणि आपल्याकडे दिव्याखाली अंधार." हे मात्र तिला लागलं. तो कामावर गेल्यावर ती मीटर घेऊन न्हाणीघरात शिरली. सासू नेहमीप्रमाणे पलीकडे टेकून बसलेली होती.

कॉइल खराब झाली असणार, अशी तिची अटकळ. गिझर चालू ठेवून तिने वायरीला चिमट्याचं मीटर लावलं. आठ अँपिअर. मग गिझरच्या टोकांना व्होल्ट पाहिले. दोनशे सहा. हिशेब मोठ्याने करायची तिला कारखान्यापासूनची सवय.

"दोनशे सहाला आठाने भागा. पंचवीस, पावणेसव्वीस ओहम. म्हणजे कॉइल ठणठणीत आहे."

"काय म्हणालीस?" सासूने पलीकडून विचारलं.

"तुम्हाला नाही हो, गिझरला."

गिझर तसाच चालू ठेवून ती मागच्या खोलीच्या दाराजवळच्या बोर्डापाशी गेली. तिथे दोनशे तीस व्होल्ट होते. बोर्डातून निघताना दोनशे तीस आणि गिझरला पोचताना दोनशे सहा. मधले चोवीस कुठे गेले? वायर कितीही जुनी असली तरी एवढ्याशा अंतरात एवढं जात नाही.

"चोवीसला आठाने भागलं तर तीन ओहम. इथे पाव ओहमसुद्धा जास्त झाला असता. आणि चोवीस गुणिले आठ..."

ती थांबली. एकशे ब्याण्णव वॅट. शंभराचा जुना बल्ब पेटलेला असताना हात लावायची कुणाची छाती होत नाही. तसे जवळजवळ दोन बल्ब कुठेतरी गिलाव्याखाली रोज पेटत होते. तिची नजर बोर्डापासून वायरीच्या वाटेने सरकत गेली आणि मागच्या खोलीत सासूच्या पाठीशी येऊन थांबली.

"आई, उठा."

"आत्ता तर टेकलेय."

"उठा म्हणते ना."

सुनेचा असा आवाज म्हातारीने कधी ऐकला नव्हता. ती उठली. हिने मेन स्विच पाडला, भिंतीलगत गुंडाळून ठेवलेली गादी ओढून बाहेर काढली आणि छिन्नी-हातोडी आणली. दोन-तीन घावांतच गिलाव्याचा पोपडा सुटला. जळकट वासाने खोली भरली. आत वायरी धरणारी जुनी लाकडी पट्टी होती, पार कोळसा झालेली. तांब्याची एक वायर आणि अॅल्युमिनियमची एक, नुसत्या पिळून जोडलेल्या, वरची टेप वितळून गेलेली. वारा लागला तसा कोळशाच्या कडेला एक लाल ठिपका उमटला.

तिने त्यावर पाण्याची बादली रिकामी केली.

"मी हसत होते," ती पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होती. "तुम्ही इथे टेकत होतात आणि मी हसत होते."

सासू त्या भोकाकडे टक लावून बघत होती. "ही खोली ह्यांनी स्वतः बांधली होती," ती म्हणाली. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. "वायरी पण ह्यांनीच ओढल्या. मला वाटायचं, गेले तरी माझी पाठ शेकताहेत. हसाल म्हणून बोलले नाही."

संध्याकाळी नवरा आला. भिंतीतलं काळं भगदाड आणि त्याखाली सांडलेलं पाणी बघून तो चपला न काढताच उभा राहिला. त्याला सगळं दोनदा सांगावं लागलं.

त्यांनी घरभर नवी वायर घालून घेतली. पाणी कढत येऊ लागलं. म्हातारी मात्र खोलीच्या मधोमध बसायची. कुठल्याच भिंतीला टेकायला तिचं मन घेईना. तिला टेकायला पाठीची खुर्ची आणली, तीसुद्धा तिने आधी हाताने चाचपून पाहिली.

ही गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. घरोघर लोक भिंतींना तळवे लावून बघू लागले आणि जरा शंका आली की हीटरवालीला बोलावू लागले. पहिलं बोलावणं गल्लीतल्याच सुतारकाकांकडून आलं. सासू म्हणाली, "मीही येते. ती ऊब कशी असते ते मला ठाऊक आहे."

सुतारकाकांची भिंत खरंच तापली होती. सासूने हात लावला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. सुनेने वायरीची दोन्ही टोकं मोजली. व्होल्ट जागच्या जागी होते. बाहेरून ऊन भिंतीवर येत होतं, बाकी काही नाही.

"ऊन आहे हो, आई," ती म्हणाली.

सुतारकाकांनी चहा टाकतो म्हटलं. दोघी फरशीवर खाली बसल्या, भिंतीपासून हातभर लांब.