हळदीचं रगत

गौतम गेल्याची बातमी मला वारंगा फाट्यावर कळली. हातातला चहा तसाच ठेवला आणि आमच्या गावाची, कुरुंद्याची जीप धरली. हृदय बंद पडलं म्हणे... ज्यानं क्यामेऱ्यापुढं भर दुपारी अकरा वेळा माझा हात तोडून अकरा वेळा जोडला, तो स्वतः एका झटक्यात गेला. महिना झाला, माझा त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

गौतम लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. लोकांच्या हळदी टिपून कंटाळला आणि एक दिवस म्हणाला, भीतीचा पिक्चर काढू. हळद शिजवायच्या शेडमध्ये पाच मजूर अडकतात, काहीतरी येऊन एकेकाला फाडतं. शेवटचा मजूर हळद घासायच्या ढोलात अडकलेला आपला हात तोडून निसटतो. तो शेवटचा मी. ओरडायला माझा आवाज बरा, एवढीच माझी लायकी.

रक्ताची चिंता नव्हती. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण उन्हात वाळलं की ते रक्त पिवळं पडायचं. एका शॉटमध्ये मी जखमी, तर दुसऱ्यात नवरदेव! मग गौतमनं तोड काढली. हळदीचा डाग साबणानं लाल होतो. "साबण मार!" असं तो ओरडला की माझी जखम पुन्हा ताजी. चुन्यानं अंग चरचरायचं. कुरकुर केली तर म्हणायचा, "हात तुटून राहिलाय तुझा, रांगोळी न्हाई काढून राहिला."

त्याचे वडील, आबा, भडकले होते. शेड त्यांचीच. "लग्नाला लागती ती हळद. तिचं रगत काहून करून राहिला?"

"आबा, लोकं हसले तर क्यामेरा इकून टाकतो. जल्मभर तुमचा ढोल फिरवतो." गौतम बोलला की बोलला, शब्द फिरवणाऱ्यातला तो नव्हता.

पिक्चर पुरा झाला, तसा रविवारी दुपारी समाजमंदिरात टीव्ही लावला. आणि लोक हसले. पडद्यावर ओळखीची तोंडं, हसणारच! गौतम दाराशी उभा होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. मग ढोल आला, माझा हात अडकला, कोयता उचलला... आणि हसणं थांबलं. बायांनी पदर तोंडाला लावले. संपल्यावरही कुणी उठेना. आबा तेवढे उठले, सरळ माझ्याकडे आले, माझा हात धरून उलटापालटा केला, एकेक बोट दाबून पाहिलं.

"हायेत पाची," ते म्हणाले.

"बराबर! पास झालो," दाराशी गौतम हसला. क्यामेरा विकला गेला नाही.

परवा गौतमच्या बायकोनं, वहिनीनं, ट्रंकेतून माझा तेव्हाचा शर्ट काढून दिला. गौतमनं तो धुऊ दिला नव्हता. दुसऱ्या भागाला लागेल म्हणून. डाग पार पिवळा पडलेला. घरी येऊन मी मोरीत बसलो, साबण कालवला आणि शिंतोडे मारले. बाही हळूहळू लाल झाली, आणि मी हमसून रडलो. मग शर्ट तसाच दोरीवर टाकला. वाळला की पुन्हा पिवळा पडेल. पडू दे. साबण घरात आहे.